आईच्या आजाराचं नाव दहा वर्षांच्या मुलाला सांगावं का?

वर्तकनगरची मावशी
माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार. औषधं चालू आहेत, एरवी ती बऱ्यापैकी सावरलेली असते. भाचा पाचवीत. घरचे त्याला "आईचं डोकं दुखतं" एवढंच सांगतात. पण शाळेला निघताना तो गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून आजची गोळी काढली आहे का ते बघतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मागे ती ऍडमिट झाली तेव्हा त्याने मला विचारलं, "मी अभ्यास केला नाही म्हणून का?" माझ्या मते त्याला आजाराचं नाव सांगावं आणि वर्गशिक्षिकेलाही कल्पना द्यावी. घरच्यांचा ठाम विरोध आहे.

घोडबंदरकर
घरचे बरोबर आहेत. या वयात मुलांच्या पोटात काही राहत नाही. आज वर्गात बोलेल, उद्या सोसायटीभर होईल. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तरी "ठाण्याला पाठवा याला" हे अजूनही हिणवायलाच म्हणतात. तेच पोरं त्याला ऐकवतील. शिवाय आजार बहिणीचा आहे, तिला विचारलंत का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिलाय, नातेवाइकांना नाही.

कळव्याची लेक
माझ्या वडिलांना बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी पार खचलेलं असा मानसिक आजार. अख्ख्या चाळीला माहीत होतं, लपवलं होतं ते फक्त आम्हा भावंडांपासून. बाबा रात्र रात्र जागायचे, उधारीवर सामान आणायचे, मग कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत. अकरावीत असताना डॉक्टरांनी समोर बसवून आजार समजावला, तेव्हा कुठे तो संशय गेला. एवढी वर्षं का थांबायचं?

घोडबंदरकर
तुम्ही अकरावीत होतात, हा दहा वर्षांचा आहे. उद्या नेटवर "आनुवंशिक" असं वाचलं तर झोप उडेल त्याची.

कळव्याची लेक
म्हणूनच आधी घरच्यांनी सांगायचं! आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 100 त 10. म्हणजे बहुतेकांना होत नाही. नेट हे धीराने सांगणार आहे का?

वाशीतला शिक्षक
मुलाला सांगा. शाळेला मात्र निदान कशाला? बाईंना एवढंच सांगा की घरी आजारपण आहे, डबा आला नाही किंवा गृहपाठ राहिला तर सगळ्यांसमोर उभं करू नका. एवढ्यावर आम्ही पुष्कळ सांभाळून घेतो. आणि गोळ्यांवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडून काढून एखाद्या मोठ्या माणसाने घ्या, ही खरी घाई आहे. आईची तब्येत बिघडली तर कुणाला फोन करायचा ते पाठ करून घ्या: मावशी, शेजारच्या काकू, नाहीतर मुलांची हेल्पलाइन 1098. मोठ्यांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, चोवीस तास, फुकट.

वर्तकनगरची मावशी
घोडबंदरकर, तुमचं वाचून बहिणीला विचारलं. तिला स्वतःच सांगायचंय, पण डॉक्टरांसमोर. गोळ्यांचं आजपासून मी बघते.

घोडबंदरकर
तिनेच सांगितलं तर माझी हरकत नाही. शाळेला आजाराचं नाव कळू नये, हे मत मात्र तेच.