उत्तर: अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलांना बोलायचा हक्क कितपत?

"शाळेच्या आवारात शिस्त महत्त्वाची, हक्कबिक्क बाहेर" असं काहीजण म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने ते 1969 सालीच नाकारलंय. आयोवातल्या डे मॉइन शहरात 1965 च्या डिसेंबरमध्ये काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर तेव्हा 13 वर्षांची होती. शाळेने त्यांना घरी पाठवलं. न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निकाल मुलांच्या बाजूने दिला. गोंधळ होईल अशी नुसती भीती पुरेशी नाही, शिकवण्यात खरोखर मोठा अडथळा येतोय किंवा येणार असं मानायला ठोस कारण हवं, हा निकष तिथून आला. हे बंधन सरकारी शाळांवर आहे, खासगी शाळांना ते लागू होत नाही.

पुढे हा हक्क आक्रसला हे मान्य. 1988 च्या हेझलवूड खटल्यात याच न्यायालयाच्या निकालाने वर्गात तयार होणाऱ्या शालेय वर्तमानपत्रातला मजकूर काढण्याची मुभा मुख्याध्यापकांना दिली. काढलेले लेख कशावर होते? किशोरवयीन गर्भधारणा आणि आईवडिलांचा घटस्फोट! मुलांनी नेमकं याच विषयांवर लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

2021 मध्ये मात्र, सुट्टीच्या दिवशी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शिवीगाळ करणाऱ्या मुलीला चिअरलीडिंगच्या संघातून काढणं न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी चूक ठरवलं. शिवाय काही राज्यांचे कायदे हेझलवूडपेक्षा उदार आहेत. कॅलिफोर्नियाचा तर 1977 पासूनचा आहे.