मालवणच्या प्रवाळावर स्नॉर्कलिंग: दाजीपूरचा नियम तिथं का नको?

रंकाळ्याचा कट्टा: दिवाळीची सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर घाट उतरून मालवणात. आमचाही ग्रुप ठरतोय. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे गाडीतल्या किती जणांना माहीत असतं? दाजीपूरच्या अभयारण्यात गवा बघायला गेलो की गेटवर नोंद, पावती, पावसाळ्यात प्रवेश बंद. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, प्रवाळही त्याच अनुसूचीत. तरी मागच्या खेपेला मालवणात नळी लावून प्रवाळ बघायला उतरलो, तर आमची साधी नावंही कुणी लिहून घेतली नाहीत. दिवसाला ठरावीक माणसं आणि भर ओहोटीत बंद, एवढं तरी करा.

पांढरा रस्सा: काय राव, सुट्टीतपण पावती फाडायची? अंगात लाइफ जॅकेट, हातात ट्यूब, माणूस बुचासारखा वर तरंगतोय. तो खालच्या प्रवाळाला काय करणार? खरा घात पाणी तापण्यानं होतो. नेहमीपेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ पोटातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याला गेटवरची पावती काय करणार?

गंगावेशकर: तरंगतोय म्हणे! ओहोटीला छातीएवढ्या पाण्यात जाऊन बघा. आमच्यातल्या एकाच्या नळीत पाणी शिरलं, घाबरला आणि दिसेल त्या गोल दगडावर उभा राहिला. दगड कसला, जिवंत प्रवाळ. असलं घुमटासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. त्यात पायातल्या फिन्सनी, म्हणजे रबरी वल्ह्यांनी उडवलेला गाळ त्याच्यावरच बसतो. होडीवाला पाव कुस्करून टाकत होता, पट्ट्यापट्ट्यांचे मासे नुसते तुटून पडलेले. व्हिडिओ झकास आला, ते सोडा.

पांढरा रस्सा: पाव नाही टाकला तर मासे येणार कशाला? आणि मासे नाहीत तर पैसे कशाचे देता?

सासुरवाडी मालवण: भाऊ, तुम्ही दोन दिवस येता आणि नियम सुचवून जाता. अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध का होता, ते एकदा विचारा. पोटावर पाय येईल म्हणून. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठं घेराचं जाळं टाकणाऱ्या यांत्रिक बोटींनी मासळी ओढून नेली म्हणून कित्येकांनी होड्या पर्यटनाला लावल्या. आता माणसं मोजायला लागलात, तर परवाने कुणाला मिळतील? ज्याची कागदपत्रं चोख आणि ओळख वरपर्यंत, त्याला. एका होडीवर घर चालवणारा बसेल किनाऱ्यावर.

रंकाळ्याचा कट्टा: परवान्याचं पटलं. ते स्थानिकांनाच द्यावेत, त्यात दुमत नाही. पण रस्सासाहेब, पाणी तापतंय म्हणून पाय द्यायला मोकळीक? तापानं फणफणलेल्या माणसाला कुणी तुडवतं का? थायलंडनं माया बे हा गर्दीचा किनारा २०१८ ला बंद केला. २०२२ ला उघडला तेव्हा होड्यांना आत यायला मनाई, धक्का बेटाच्या मागच्या बाजूला. पर्यटक तरीही जातातच.

सासुरवाडी मालवण: थायलंड राहू दे. प्रवाळावर नांगर पडू नये असं वाटत असेल तर सरकारनं कायमचे बोये, म्हणजे तळाला बांधलेले तरंगते पिंप टाकावेत, होड्या त्यालाच बांधतील. ते न करता आधी माणसं मोजायला बसू नका.

गंगावेशकर: बोये टाकले तरी पोहता न येणारी चाळीस माणसं एकाच वेळी त्याच खडकावर उतरणार, त्याचं काय?

पांढरा रस्सा: त्यांना आधी रंकाळ्यात पोहायला शिकवा.

गंगावेशकर: रंकाळ्यात नको, जलपर्णीत अडकतील. पण खरंच, नळी तोंडात धरून श्वास कसा घ्यायचा हे होडीत बसण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर शिकवायला हवं. आम्हाला ते थेट प्रवाळावर नेऊन शिकवलं.