‘प्रॉपर्टी’ला गुणधर्म म्हणावे का? आणि ‘यूजर कंट्रोल’चे काय करायचे?

अंत्रुजकर

फोंड्याला संध्याकाळी सहा-सात मुलांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवतो. बहुतेक सत्तरी आणि धारबांदोड्याकडची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी, त्यामुळे संकल्पना मराठीत सांगितली की लगेच पोचते. सध्या एएसपी डॉट नेटचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या साइट बांधण्याच्या तंत्राचे, वेब फॉर्म्स चालू आहेत. जुने झाले, मान्य. पहिली आवृत्ती २००२ ची. पण नव्या मुलाच्या हातात कंपनी आधी जुनी साइटच देते, म्हणून शिकवतो.

मंगळवारी यूजर कंट्रोल घेतला. कंट्रोल म्हणजे पानावरचे बटण, यादी असा घटक, आणि असे घटक जुळवून आपण केलेला तो यूजर कंट्रोल. उदाहरण साधे होते. गोव्याचे १२ तालुके दाखवणारी एक यादी, वर मथळा, शेजारी ‘तालुका निवडा’ असा इशारा. हे तुकडे एका डॉट एएससीएक्स फाइलमध्ये बांधायचे आणि अर्ज, दाखला, पावती अशा कुठल्याही पानावर एका टॅगने उतरवायचे. मग फळ्यावर लिहिले, ‘कंट्रोलच्या प्रॉपर्टीज’, म्हणजे मथळा, निवडलेला तालुका अशी कंट्रोलची बाहेरून वाचता-बदलता येणारी मूल्ये. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, प्रॉपर्टी म्हणजे भाट?”

वर्ग हसला. पण त्या मुलाचे काय चुकले? आपल्याकडे प्रॉपर्टी म्हटले की डोळ्यांसमोर येतो माडांचा भाट, म्हणजे बागायत, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, त्यावर पणजोबांपासूनची नावे आणि वारसांच्या वाटणीची वर्षानुवर्षे चाललेली इन्व्हेंटरी. मी सावरून घेतले. म्हटले, ही ती प्रॉपर्टी नव्हे, ही म्हणजे गुणधर्म. पदार्थाचे गुणधर्म विज्ञानात शिकलात ना, तसे.

आणि तिथेच फसलो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, मीठ खारट असते हा मिठाचा गुणधर्म. तो मिठाला बाहेरून कोणी देत नाही. मग तुम्ही पानावरून कंट्रोलला गुणधर्म कसे काय देता?”

मला उत्तर आले नाही. मराठीत गुणधर्म ‘असतो’. तो ‘देत’ नाहीत, ‘ठेवत’ नाहीत, ‘बदलत’ तर मुळीच नाहीत. प्रॉपर्टीबरोबर मात्र आपण हीच तीन क्रियापदे वापरतो. तेव्हा विचारतो, शब्द चुकला की क्रियापद?

सोलकढी

शब्दाचं नंतर बघू, आधी ‘यूजर कंट्रोल’चं मराठी काय केलंत ते सांगा. मी एका भाषांतरित पुस्तिकेत ‘वापरकर्ता नियंत्रण’ वाचलंय. वाचून वाटलं, साइटवर येणाऱ्या लोकांना आवरायचं काहीतरी यंत्र असेल. डास नियंत्रण, गर्दी नियंत्रण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्याच ओळीत वापरकर्ता नियंत्रण! मराठीत ‘अमुक नियंत्रण’ म्हटलं की षष्ठी तत्पुरुष आपोआप होतो. अमुकाचं नियंत्रण. अमुकानं केलेलं नियंत्रण असा अर्थ कोणी लावतच नाही.

दुसरी गंमत म्हणजे नियंत्रण ही क्रिया आहे आणि कंट्रोल ही वस्तू. बटण हा कंट्रोल, यादी हा कंट्रोल. “पानावर तीन नियंत्रणं टाकली” असं कोणी म्हणालं तर मी त्याला आधी पाणी देईन.

अंत्रुजकर

सोलकढी, ‘वापरकर्ता’ तिथे आणखी एका अर्थाने चुकतो. इथला ‘यूजर’ म्हणजे साइट उघडणारा माणूस नव्हेच. मायक्रोसॉफ्टने तयार दिलेली बटणे-याद्या जुळवून स्वतःचा कंट्रोल करणारा प्रोग्रॅमर, तो इथला यूजर. मुलांना हे सांगितल्यावर त्यांचे अर्धे प्रश्न मिटले.

पत्रादेवीपलीकडे

आमच्याकडे बांदा-सावंतवाडीला ‘कंट्रोल’ हा मराठी शब्द आहे आणि तो तुमच्या संगणकापेक्षा जुना. “कंट्रोलचा तांदूळ आला काय?” आजी अजून रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणते. म्हणजे क्रियेची वस्तू आम्ही केव्हाच करून टाकली आहे. भाषांतराची गरज नाही, कंट्रोल राहू द्या.

लिंग मात्र ठरवा. तुमच्याकडची पोरं “ते कंट्रोल” म्हणतात, आम्ही “तो”.

सोलकढी

तो कंट्रोल, ती प्रॉपर्टी, ते पान. संसार पूर्ण.

भाजकेमडके

गुणधर्माबद्दल. त्या मुलीचा आक्षेप मिठापुरता बरोबर आहे, पण ‘गुण’ हा शब्द तिला वाटतो तितका ताठर नाही. आपल्या जुन्या तत्त्वज्ञानातल्या वैशेषिकांकडे जाऊ. कणादाने १७ गुण मोजले, प्रशस्तपादाने त्यांत ७ घालून २४ केले. गुण द्रव्याला चिकटून असतो, द्रव्याशिवाय राहू शकत नाही. इथपर्यंत प्रॉपर्टीशी चांगले जुळते, कारण ऑब्जेक्टशिवाय प्रॉपर्टी लोंबकळत नाही.

पण सगळे गुण जन्मजात नसतात. त्यांचे नेहमीचे उदाहरण मडक्याचे. कच्चे मडके काळपट, भट्टीत भाजले की तांबडे. हा तांबडा रंग अग्नीच्या संयोगाने आला, म्हणून त्याला ‘पाकज’ गुण म्हणतात. रंग नेमका बदलतो कुणाचा, परमाणूंचा की अख्ख्या मडक्याचा, यावर वैशेषिक आणि न्यायदर्शनवाले नैयायिक भांडले. एक पीलुपाकवादी, दुसरे पिठरपाकवादी. मी डिचोलीचा, मडकी लहानपणापासून बघतोय, त्यामुळे हे प्रकरण मला फार आवडते, थोडे जास्तच.

मुद्दा एवढाच की बाहेरच्या कारणाने आलेला, बदललेला गुण आपल्या परंपरेला नवा नाही. ‘गुणधर्म’ टाकून देऊ नका. टाकायचाच तर त्यातला ‘धर्म’ टाका, जन्मजातपणाचा वास तिथून येतो. नुसते ‘गुण’ म्हणा.

सोलकढी

नुसते गुण म्हटलं की मुलं विचारणार, कितीपैकी?

जुनाकोडवाला

मडक्याचे उदाहरण वाचून थांबलो, कारण त्यात एक गोष्ट आहे जी नव्या मुलांना शब्दाआधी कळायला हवी. रंग लावणे वेगळे आणि रंग भाजून पक्का करणे वेगळे.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. असाच एक निवड-कंट्रोल मी केला होता, त्याला ‘सक्तीचे’ नावाची हो-नाही प्रॉपर्टी. हो असेल तर रिकामा पर्याय चालायचा नाही. पानाच्या लोडमध्ये, पान पहिल्यांदा उघडताना, मी ती ‘हो’ ठेवली. परत-परत ठेवायला नको म्हणून ‘पोस्टबॅक नसेल तरच’ (बटण दाबून पान परत सर्व्हरकडे आले नसेल तरच) अशी अट घातली. मोठी हुशारी केली असे वाटले होते. दोन आठवड्यांनी नोंदी बघितल्या तर निम्म्या अर्जांत तालुका रिकामा.

झाले असे की सर्व्हर प्रत्येक विनंतीला पान आणि त्यातले सगळे कंट्रोल नव्याने जन्माला घालतो आणि उत्तर पाठवले की मोडून टाकतो. लोकांनी बटण दाबले तेव्हा आलेला कंट्रोल नवा होता. मागच्या जन्मी त्याला ‘हो’ सांगितलेले त्याच्या गावीही नव्हते. मी प्रॉपर्टीमागे कोडमधल्या वर्गातले (क्लासमधले) साधे चल ठेवले होते, आणि त्याचे मूळ मूल्य ‘नाही’. त्यामुळे तपासणी न होताच अर्ज सेव्ह होत होते. साहेबांनी विचारले, “तू प्रॉपर्टी सेट केली होतीस ना?” केली होती. ती टिकली नव्हती.

उपाय म्हणजे प्रॉपर्टीने मूल्य साध्या चलात न ठेवता व्ह्यूस्टेटमध्ये ठेवायचे. वाचताना तिथूनच काढायचे, आणि तिथे काहीच नसेल तर ठरवलेले मूळ मूल्य द्यायचे. हे शेवटचे विसरलात तर पहिल्याच उघडण्याला पान कोसळते, कारण तिथे तेव्हा काहीच नसते आणि ‘काहीच नाही’चे हो-नाहीत रूपांतर होत नाही. व्ह्यूस्टेट म्हणजे पानात लपवलेला एक लांबलचक मजकूर. तो ब्राउझरकडे जातो आणि बटण दाबले की परत येतो. म्हणून त्यात एक हो-नाही ठेवा, हजार नोंदींची यादी ठेवू नका, नाहीतर पान हलणार नाही.

आणि हो, हीच प्रॉपर्टी टॅगमध्येच लिहिली असती तर हा घोळ झालाच नसता. टॅगमधले मूल्य प्रत्येक नव्या जन्मी पुन्हा दिले जाते.

तेव्हा माझे मत असे की नाम कुठलेही घ्या, क्रियापदे दोन शिकवा. प्रॉपर्टी ‘ठेवणे’ आणि प्रॉपर्टी ‘टिकणे’.

अंत्रुजकर

हे फार कामाचे. ‘सेट केली’ या एका शब्दाखाली आम्ही दोन्ही झाकतो.

याच्याच शेजारचा एक प्रश्न मुलांना पडतो. “सर, बटणाच्या क्लिकमध्ये प्रॉपर्टी बदलली, तरी कंट्रोल जुनेच दाखवतो.” तिथे टिकण्याचा दोष नाही, वेळेचा आहे. आधी पानाचा लोड, मग कंट्रोलचा लोड, आणि क्लिक त्यानंतर. कंट्रोलने आपला मथळा लोडमध्येच लिहून टाकला असेल तर क्लिकमधला निरोप पोचतो तेव्हा पत्र पेटीत पडलेले असते. लिहिण्याचे काम प्रीरेंडरला, म्हणजे पान पाठवण्याआधीच्या शेवटच्या टप्प्याला, ढकलले की सुटते. याला मी ‘उशिरा पोचली’ म्हणतो. म्हणजे तिसरे क्रियापद झाले.

पत्रादेवीपलीकडे

टॅगमध्ये लिहितो ती अॅट्रिब्यूट आणि कोडच्या वर्गात असते ती प्रॉपर्टी, दोन्हींना पुस्तके गुणधर्मच म्हणतात. हे कसे चालेल? टॅगमध्ये सगळा नुसता मजकूर असतो. अवतरणात ‘ट्रू’ लिहिले तरी ती इंग्रजी चार अक्षरेच. त्यांचे खऱ्या हो-नाहीत, आकड्यात किंवा रंगात रूपांतर करून मग ते प्रॉपर्टीला दिले जाते. रूपांतर जमले नाही तर पान उघडतच नाही.

मी अॅट्रिब्यूटला विशेषण म्हणतो. टॅग हे नाम, त्याच्या आत लिहिलेले ते विशेषण. व्याकरण सगळ्यांना येते. येत नसले तरी शब्द ओळखीचा असतो.

सोलकढी

विशेषण आवडलं. घेतलं.

प्रॉपर्टीसाठी माझा एक गावठी प्रस्ताव. जुन्या घराचं बाल्कांव बघा, दारापुढची बसायची ओसरी. पाव्हणा येतो, बाल्कांवात बसतो, काय ते बोलतो, निरोप देतो-घेतो. स्वयंपाकघरात काय शिजतंय ते त्याला दिसत नाही. तालुक्याच्या कंट्रोलचं तसंच. आतली ड्रॉपडाउन यादी ‘प्रोटेक्टेड’ असते, बाहेरच्या पानाला तिला हात लावता येत नाही. पान फक्त म्हणतं, ‘निवडलेला तालुका’ सांग. उद्या ड्रॉपडाउन काढून तिथे रेडिओ बटणं लावली तरी पानाला पत्ता लागत नाही. प्रॉपर्टी म्हणजे कंट्रोलचं बाल्कांव.

जुनाकोडवाला

आत काय आहे ते पाहुण्याला दिसत नाही, इथवर पटले. पण बाल्कांवात सगळेच येऊन बसतात. प्रॉपर्टीला नुसता वाचायचा दरवाजाही असतो. ‘तालुक्यांची संख्या’ विचारता येईल, बदलता येणार नाही. आणि घेताना तपासताही येते. कोणी ‘निवडलेला तालुका’ म्हणून ‘कोल्हापूर’ दिला तर तिथल्या तिथे परतवता येतो. मला तर पंचायतीची खिडकी जवळची वाटते. कागद आत घेतात, बघतात, सही नसेल तर परत देतात. आतल्या कपाटाला हात लावू देत नाहीत.

भाजकेमडके

आणि जेवणाच्या वेळेला बंद असते.

मी शब्दाकडे वळतो. इंग्रजी ‘प्रॉपर्टी’च्या मुळाशी लॅटिनचे ‘प्रोप्रिउस’ आहे, म्हणजे स्वतःचे. पोर्तुगीजांचे ‘प्रोप्रियेदाद’ त्याच घरचे, त्यातही जमीन आणि गुण दोन्ही मावतात. आपल्याकडे हे काम ‘स्व’ करतो. जमिनीवरचा हक्क ते ‘स्वत्व’, धर्मशास्त्राचा जुना शब्द. अंगचा गुण तो ‘स्वभाव’. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले आपण दोन शब्दांत वाटून घेतले. मालमत्ता तिसरीकडून आली, अरबीहून फारसीमार्गे, आणि तिच्यात ‘स्व’ नाही, नुसता माल आहे. म्हणून प्रॉपर्टीला ‘मालमत्ता’ हे भाषांतर शब्दकोशात बरोबर आणि कोडमध्ये हास्यास्पद ठरते.

भाट म्हणणारा तो मुलगा पोर्तुगीज न शिकता अर्धा रस्ता बरोबर गेला होता.

पत्रादेवीपलीकडे

यूजर कंट्रोल आणि कस्टम कंट्रोल यांना तरी वेगळी नावे द्या. दोन्हींना ‘स्वनिर्मित’ म्हणून चालणार नाही. पहिल्याला डॉट एएससीएक्सची फाइल असते, तयार तुकडे त्यात जुळवलेले. दुसऱ्याला ती फाइल नसते. तो नुसता कोडचा वर्ग, डीएलएल या तयार बांधलेल्या फाइलमध्ये घातलेला, आपले एचटीएमएल स्वतः लिहिणारा.

सोलकढी

शिवलेला आणि विणलेला. पहिल्यात तयार कापड आणून शिवायचं, दुसऱ्यात सूत धरून बसायचं.

अंत्रुजकर

‘शिवलेला कंट्रोल’ आजच वर्गात वापरला. चालला. “सर, शिवलेल्याला पण खिसे असतात ना?” असे एकाने विचारले आणि मी पुढे काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, “प्रॉपर्टी म्हणजे खिसा!” बाहेरून वस्तू ठेवता येते, काढता येते, आणि खिसा फाटका असेल तर टिकत नाही. जुनाकोडवाले, तुमचा व्ह्यूस्टेट त्यांनी अस्तर म्हणून लावून घेतला.

वहीत मी शेवटी असे लिहून दिले आहे: कंट्रोल तसाच, पुल्लिंगी. प्रॉपर्टी तशीच, स्त्रीलिंगी. टॅगमधली ती विशेषणे. गुणधर्म फक्त विज्ञानाच्या तासाला. क्रियापदे तीन: ठेवली, टिकली, उशिरा पोचली. मिठाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने खाली पेन्सिलीने चौथे जोडले आहे. लोडकंट्रोलने कंट्रोल चालत्या पानावर आणला की हातात येतो तो नुसता ‘कंट्रोल’ या जातीचा, मग त्याला त्याच्या खऱ्या वर्गात कास्ट करेपर्यंत, म्हणजे तो त्या वर्गाचा आहे असे कोडमध्ये सांगेपर्यंत, ‘निवडलेला तालुका’ ही प्रॉपर्टी हाताशी येत नाही. तिने लिहिले आहे, ‘दिसली नाही’.