रिगोलेत्तो: नाट्यसंगीताच्या कानांना कसा ऐकवावा?

दांडियाबाजारकर
बडोद्यात आमच्या मंडळाच्या श्रवणसत्रात ४० मिनिटं मिळाली आहेत. व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' हा इटालियन ऑपेरा (गाऊन सादर होणारं नाटक) घ्यायचाय. मंडळी नाट्यसंगीतात मुरलेली. चौघं एकदम गायला लागले की "हा काय गलका?" म्हणणार. कुठून सुरुवात करू? सेन्सॉरचा किस्सा सांगू का?

सूरसागर_काठ
सांगा, पण तीन मिनिटांत उरका. व्हिक्टर ह्यूगोच्या मूळ नाटकावर १८३२ मध्ये पॅरिसला एका प्रयोगानंतरच बंदी आली, कारण त्यात राजाच लंपट दाखवलाय. व्हेर्दीचा संहितालेखक पियावे याने त्यावरून ऑपेराची संहिता लिहिली, नाव 'शाप'. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. डिसेंबर १८५० मध्ये तिथल्या सेन्सॉरने परवानगी साफ नाकारली. मग राजा जाऊन मान्तुआचा ड्यूक आला, त्याचा विदूषक त्रिबुले याचा रिगोलेत्तो झाला, शयनगृहाच्या किल्लीचा प्रसंग गेला. विदूषकाचं कुबड आणि प्रेताचं पोतं मात्र व्हेर्दीने सोडलं नाही. पोतं गेलं तर शेवटच उरत नाही. पहिला प्रयोग ११ मार्च १८५१, व्हेनिसच्या 'ला फेनीचे' (La Fenice) या थिएटरात.

मांडवी_तंबोरा
तुकडे ऐकवू नका. तिसरा अंक साधारण अर्ध्या तासाचा आहे, सलग लावा. त्याआधी फक्त सुरुवातीचं वाद्यसंगीत. पांढरी एकवर तोच स्वर पुन्हा पुन्हा ठोकलाय, तो रिगोलेत्तोला मिळालेला शाप. शेवटी रिगोलेत्तो "शाप!" म्हणून ओरडतो तेव्हा लोकांना तो आठवायला हवा.

चौघांच्या गाण्याआधी फळ्यावर एक भिंत काढा. आत ड्यूक आणि खानावळीतली माद्दालेना, बाहेर फटीतून बघणारे रिगोलेत्तो आणि त्याची मुलगी जिल्दा. गाण्याचा सा काळी एक. ड्यूक लांब, गोड ओळी गातो. माद्दालेनाचे स्वर छोटे, टपटप, हसल्यासारखे. जिल्दाची ओळ विरामांनी तुटते, ते हुंदके. बाप खालच्या पट्टीत पुटपुटतो. आपले श्रोते सवयीने ड्यूकला मुख्य गायक धरतात आणि बाकी तिघांना साथीदार. गलका वाटतो तो त्यामुळे. ओळीओळीचं भाषांतर वाटू नका, चौघं वेगवेगळं बोलत असताना डोळा कागदावर भटकतो. प्रत्येकाचं एकच वाक्य द्या.

दांडियाबाजारकर
आणि ड्यूकचं ते प्रसिद्ध गाणं 'ला दोन्ना ए मोबिले'? त्याला तबला धरला तर?

मांडवी_तंबोरा
दादऱ्यात बसेल, पण नको. चाल एवढी सोपी की आधी फुटू नये म्हणून व्हेर्दीने ती तालमीत शेवटपर्यंत झाकून ठेवली होती. पट्टी पांढरी सात. अंकात ती तीनदा येते: खानावळीत, झोपेच्या गुंगीत, आणि शेवटी दुरून. तिसऱ्या वेळी रिगोलेत्तो ड्यूकचं प्रेत समजून पोतं ओढत असतो आणि तेवढ्यात ड्यूकचाच आवाज येतो! सगळं नाटक त्या एका आवाजावर टांगलंय.

सूरसागर_काठ
म्हणून यंत्रावरचं ऑटो व्हॉल्यूम बंद करा. नाहीतर दूरचा आवाजही जवळच्याइतकाच मोठा होतो, शेवटचा विरत जाणारा स्वर विरतच नाही. वादळाच्या प्रसंगापासून शेवटपर्यंत पंखेही बंद ठेवा. वादळात वाऱ्याचा आवाज पडद्यामागचे पुरुष तोंड मिटून काढतात. पंख्याच्या घरघरीत तो हमखास बुडतो.