कराडच्या लग्नाला किती वाजता निघायचं

(पुण्यातल्या सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार संध्याकाळपासून)

पाटील (बी-५०२): नमस्कार मंडळी 🙏 रविवारी चिरंजीवांचं लग्न, कराड. मुहूर्त १२.३५. नाश्ता ९ पासून चालू आहे. टेम्पो ट्रॅव्हलर फुल झाली, १७ जण. उरलेल्यांना तीन गाड्या लागतील, कोण कोण गाडी काढतंय सांगा आणि किती वाजता निघायचं ते आत्ताच ठरवा, नाहीतर मागच्या वेळसारखं गेटवर उभे राहून ठरेल.

अनिकेत (सी-७०३): माझी गाडी आहे काका, चौघं बसतील. ९ ला निघू आरामात. दीड तास पुष्कळ झाला. गेल्या महिन्यात कोल्हापूर अडीच तासात केलं, मधे एक चहा पण झाला

देशपांडे काकू (ए-३०१): अनिकेत तुझ्या गाडीत मी लोणावळ्याला आले होते. जाताना तीनदा रामरक्षा झाली. येताना मी डोळेच मिटून घेतले, तुला वाटलं काकूंना झोप लागली.

अनिकेत: काकू 😂😂 अहो गाडी स्टेबल असते, तुम्हाला फास्ट वाटतं फक्त. आत बसून १२० कळत पण नाही

निकम काका (ए-१०२): तोच तर घोळ आहे ना बाबा, कळत नाही. आमच्या एसटीत साठला सगळे पत्रे वाजायचे, सत्तरला आरसा थरथरायचा, गाडीच सांगायची की बास कर. आता तुमच्या गाडीत गाणी चालू, काचा बंद, पोटातलं पाणी हलत नाही, मग काट्याकडे कोण बघतंय.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर कबूल करतो, मला परवा एक्सप्रेसवेचं २००० चं चलन आलं. १०० ची लिमिट, मी ११८ ला होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सौ. सेक्रेटरी: मी पण याच ग्रुपवर आहे.

सेक्रेटरी: 🙏

अनिकेत: सर ती सगळी वसुली आहे. मोकळा रस्ता, तीन लेन, आणि १०० ला चाला म्हणतात. मॅपवर कॅमेरा दाखवतो, तिथे ब्रेक मारायचा आणि पुढे परत चालू. सगळे तेच करतात

निकम काका: हो, आणि तुझ्या मागचा पण तेव्हाच ब्रेक मारतो का? मोकळ्या रस्त्यावर तुम्ही दोघं कॅमेऱ्यापाशी अचानक ९० वर येता, मागून लोड भरलेला कंटेनर येतोय त्याच्या मोबाईलमध्ये तो कॅमेरा नसतो.

जोगळेकर (सी-१०४): मला एक समजत नाही, ग्रुपवर जो तो म्हणतो लोक फार बेशिस्त चालवतात. पण ते 'लोक' म्हणजे कोण? आपल्या १४४ फ्लॅटमध्ये तरी एकजण मला असा भेटलेला नाही जो म्हणेल मी वाईट चालवतो. आपल्यापेक्षा हळू जातो तो येडा आणि आपल्यापेक्षा जोरात जातो तो माजलेला, असं आहे सगळं.

देशपांडे काकू: जोगळेकर तुम्ही बेसमेंटच्या रॅम्पवर काय करता ते मी गॅलरीतून बघते.

जोगळेकर: तिथे चढ आहे वहिनी, रेस द्यावी लागते.

डॉ. सई (बी-६०३): ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. केंद्राच्या रिपोर्टात २०२२ चा आकडा आहे, देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त ओव्हरस्पीडिंगमध्ये. आणि प्लीज, मागे बसणारे पण बेल्ट लावा. पैठणी चुरगळते हे कारण मी आता ऐकून घेणार नाही.

अनिकेत: डॉक्टर त्या आकड्याचं खरं सांगू का, पोलिसांना दुसरं कारण सापडलं नाही की ओव्हरस्पीड लिहून मोकळे होतात. खड्डा होता, डिव्हायडर तुटका होता, राँग साइडने बाइक आली, हे कोण लिहितं?

डॉ. सई: असेल. पण आमच्याकडे येतो तेव्हा खड्डा होता की बाइक होती याने हाड किती ठिकाणी मोडलं ते ठरत नाही, स्पीडने ठरतं. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले, त्यांची गाडी केवढी भारी होती, मागे बसले होते, बेल्ट नव्हता. चला, पेशंट आलाय.

निकम काका: अनिकेत तुझं खड्ड्याचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण रविवारचा हिशोब कर. कराड आपल्या इथून धरू दीडशे किलोमीटर. सलग १०० ने गेलास तर ९० मिनिटं, सलग १२० ने गेलास तर ७५. वाचली किती, पंधरा मिनिटं. तेही खेड शिवापूरचा टोल, खंबाटकीची चढण, आनेवाडी, तासवड्याचे टोल आणि पुढे सिक्स लेनच्या कामाची डायव्हर्शनं यातलं काहीच मधे नसेल तर. म्हणजे वाचली पाच. पाच मिनिटांसाठी काकूंना रामरक्षा म्हणायला लावायची.

अनिकेत: काका आकडेमोडीत तुम्ही जिंकलात 😄 मग पहाटे ५ ला निघू. रस्ता रिकामा, ट्रॅफिक नाही, ७ ला तिथे. उलट आरामात.

निकम काका: नाही.

निकम काका: पहाटे तर अजिबात नाही.

शुभांगी (बी-२०४): काका बरोबर बोलतायत. माझं माहेर कराडजवळ, नदीकाठचं गाव. डिसेंबरात पहाटे कृष्णेवरून धुकं उठतं ते आठ साडेआठपर्यंत हलत नाही, आणि तेही सगळीकडे सारखं नसतं, दोन किलोमीटर लख्ख आणि एकदम ओढ्यापाशी पांढरी भिंत. आणि आता कारखाने चालू आहेत. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर वाहतात. डबल ट्रेलर, वर हा डोंगर ऊस, आणि मागून अंधार.

अनिकेत: ताई त्यांना रिफ्लेक्टर लावायची सक्ती आहे ना? लावत नाहीत आणि आपण मरायचं. पुढे एवढे मोठे स्पीकर लावायला पैसे असतात.

शुभांगी: लावतात रे. माझ्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरला आहेत, मी स्वतः बघितलेत. पण ऊस भरला की मोळ्यांचे शेंडे मागे लोंबतात, वाढं म्हणतात त्याला, ते बरोबर त्या रिफ्लेक्टरवर पडतं. रिकामी ट्रॉली कारखान्यातून परत येताना चकाचक दिसते आणि भरलेली जाते तेव्हा काही दिसत नाही. त्यात चिखल. त्यात ट्रॅक्टरवाल्याला टनावर पैसे, कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा, बारा बारा तास लाइनीत, दोन रात्री न झोपलेला असतो तो. मी त्याची बाजू घेत नाही, पण तो मुद्दाम अंधारात जात नाही एवढंच.

अनिकेत: ओके हे माहीत नव्हतं. पण माझ्या गाडीला एडास आहे, समोर काही आलं की स्वतः ब्रेक मारते. सहा एअरबॅग, फाइव्ह स्टार.

निकम काका: तुझ्या गाडीचं पुस्तक उघडून बघ. धुक्यात आणि काच खराब असेल तर कॅमेऱ्यावर विसंबू नका असं त्यातच लिहिलेलं असतं. तुला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही.

निकम काका: आता मी जरा मोठं लिहितो, बोटं चालत नाहीत म्हणून नातवाला सांगून लिहवून घेतोय. माझी स्वारगेट–सांगली रातराणी होती. उंब्रजच्या अलीकडे एकदा असंच धुकं, वेळ साडेचार. मी चाळीसच्या खाली आलो, मागून दोन जीपवाले हॉर्न मारमारून पुढे गेले, शिव्या पण घालून गेले असतील. मी डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून चाललेलो, डिपरवर, कारण अप्पर मारला की सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. आणि एकदम समोर जमिनीपासून चार फुटावर दोन हिरवे ठिपके. मग अजून दोन. बैलाचे डोळे. उसाची बैलगाडी उलटी वळत होती रस्त्यात, गाडीवान उतरून बैलांना ओढत होता, बायको वर उसावर पोराला घेऊन बसलेली. लाइट नाही, कंदील नाही, बैलांनी माझ्याकडे बघितलं म्हणून मला दिसली. त्यांनी तोंड तिकडे केलं असतं तर? एसटी थांबली ती बैलाच्या शिंगापासून हातभर. मागे पंचेचाळीस लोक झोपलेले, एकालाही पत्ता नाही. कंडक्टर म्हणाला काय झालं, मी म्हटलं काही नाही, बैल.

देशपांडे काकू: अगंबाई.

निकम काका: आता त्याच जागी तू १०० ला असशील तर सेकंदाला २८ मीटर जातोस. धुक्यात दिसतं तीस मीटर. म्हणजे दिसलं आणि लागलं यात श्वास घ्यायला पण जागा नाही. चाळीसला असशील तर ब्रेकवर पाय जाऊन थांबशील कसाबसा. यात हुशारी कुठे आली?

मकरंद (सी-४०२, सध्या माँट्रियल): मधेच बोलतो, इथे सकाळचे ११ वाजलेत आणि बाहेर उणे १४ आहे. हे अगदी इथल्यासारखंच चाललंय. इथे क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच कंपल्सरी आहेत, तरी दरवर्षी पहिला बर्फ पडला की सकाळी ऑफिसला जाताना रस्त्याकडेच्या चरात गाड्या पडलेल्या दिसतात आणि त्यात निम्म्या मोठ्या एसयूव्ही. फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग आपल्याला काय होतंय. फोर व्हील ड्राइव्हने गाडी बर्फातून निघते लवकर, पण थांबायला चार चाकं आणि चार ब्रेक सगळ्यांनाच आहेत. ब्लॅक आइस म्हणजे रस्ता फक्त ओला दिसतो, बर्फ दिसतच नाही. मी पहिल्या वर्षी सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी शांतपणे सिग्नलच्या पार जाऊन उभी राहिली. मी आत बसून फक्त बघत होतो.

निकम काका: मकरंद, भारी बोललास. निघायला मदत, थांबायला नाही.

मकरंद: आणि अनिकेत, थंडीत टायरमधली हवा कमी होते, निघायच्या आधी गार टायरवरच चेक कर. मेंटेनन्स या महिन्याचा भरलाय सेक्रेटरी, स्क्रीनशॉट पाठवतो.

जोगळेकर: पण आपल्या नवले पुलाचं काय हो? तिथे तर धुकं पण नाही आणि ऊस पण नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या, आवाज माझ्या घरात आला होता. तिथे आपण काय हळू चालवून उपयोग, तो वरून येतोच.

निकम काका: कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की सरळ उतारच आहे पुलापर्यंत. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात किंवा इंजिनच बंद करतात, मग सगळा भार ब्रेकवर, लायनर तापून लाल, आणि खाली आला की पेडल नुसतं जातं. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण आपले कारवाले काय करतात, ट्रकने पुढे अंतर सोडलं की ही मोकळी जागा आपल्यासाठीच सोडलीय असं समजून घुसतात. ते अंतर त्याचं ब्रेक लागायचं आहे.

अनिकेत: हे मी करतो 🙈

सेक्रेटरी: मी पण.

जोगळेकर: सगळेच करतो.

देशपांडे काकू: मी स्कूटीवर करत नाही.

शुभांगी: काकू तुम्ही स्कूटीवर सर्व्हिस रोडने उलट्या येता, किराणावाल्यापर्यंत.

देशपांडे काकू: ते चारच दुकानं आहेत ग. यू टर्न केवढा लांब आहे.

पाटील: मंडळी माझा मुहूर्त 🙏🙏 वेळ सांगा.

निकम काका: ऊन पडल्यावर. पावणेआठला गेट सोडायचं. खंबाटकीपर्यंत नऊ, पुढे धुकं उतरलेलं असेल. साडेदहापर्यंत कराड. आणि संध्याकाळी पाचच्या आत परत निघायचं, जेवण झाल्यावर गप्पा मारत बसायच्या नाहीत. ज्यांना आदल्या रात्री हळदीला जागायचंय त्यांनी रविवारी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. धुकं लागलंच तर चारही इंडिकेटर चालू ठेवून पळायचं नाही, वळताय का थांबताय मागच्याला कळत नाही. फारच झालं तर रस्त्याच्या कडेला नाही, हॉटेलच्या आवारात आत घेऊन थांबायचं. आणि काच आतून धूसर झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावा आणि बाहेरची हवा चालू करा.

देशपांडे काकू: थंडीत एसी? मला सर्दी आहे.

निकम काका: शाल घ्या वहिनी.

अनिकेत: ठीक आहे पावणेआठ. काका तुम्ही माझ्या गाडीत बसा पुढे. पण दर पाच मिनिटाला काटा बघणार नाही असं सांगा.

निकम काका: बघणार.

पाटील: ठरलं. धन्यवाद 🙏 नाश्ता दहापर्यंत होता तो मी अकरापर्यंत वाढवतो.

(रविवार)

सेक्रेटरी (सकाळी ८.०२): गेटवर आहोत. जोगळेकर अजून खाली आलेले नाहीत.

जोगळेकर: लिफ्टमध्ये.

शुभांगी (९.५५): ट्रॅव्हलर साताऱ्याच्या पुढे. ओढ्यापाशी अजून थोडं धुकं आहे. बाजूला एक ट्रॉली टायर फुटून उभी आहे, मागे रस्त्यावर दगड आणि उसाची वाढं टाकलीयत. मागच्यांनी उजवी लेन धरून हळू या.

अनिकेत (१०.०४): दिसली ताई. वाढं दिसलं आधी, ट्रॉली नंतर. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

पाटील (१०.४५): ट्रॅव्हलर पोचली. कारवाले कुठे आहात? जिलबी गरम आहे.

देशपांडे काकू (११.०५): आम्ही कधीच पोचलो हो, कार्यालयाच्या बाहेरच आहोत. पंधरा मिनिटं झाली, अनिकेत पार्किंगला जागा शोधतोय. आमच्यासाठी जिलबी ठेवा.