‘ज्यू साहित्य’ की ‘हिब्रू साहित्य’?

प्रश्न: अमेरिकेतल्या ‘नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड’वर लेख लिहितोय. मी ‘राष्ट्रीय हिब्रू ग्रंथ पुरस्कार’ केलं, संपादकांनी लाल रेघ मारली. का? आणि ‘ज्यू’ लिहू की ‘यहुदी’?

प्रतिसाद १: रेघ बरोबर आहे हो. हिब्रू ही भाषा, ज्यू हा समाज. त्या पुरस्काराची पुस्तकं बहुतेक इंग्रजीच असतात. मराठी साहित्य, कानडी साहित्य अशी भाषेवरून मोजायची आपल्याला सवय; इथे ती कामाची नाही. 1966 चं साहित्याचं नोबेल दोघा ज्यू लेखकांत विभागून दिलं. श्मुएल योसेफ अग्नोन हिब्रूत लिहीत, नेली झाक्स जर्मनमध्ये. 1978 ला आयझॅक बाशेविस सिंगर, तर ते यिद्दिशमध्ये! यिद्दिश ही युरोपातल्या ज्यूंची बोली; लिपी हिब्रू, कूळ जर्मन. हा मान यिद्दिशचाही आहे, असं सिंगर यांनी स्टॉकहोमला बोलून दाखवलं होतं.

प्रतिसाद २: ‘यहुदी’ अरबी-फारसीतून आला, ‘ज्यू’ इंग्रजीतून. मराठी बायबलात यहूदी, वर्तमानपत्रात ज्यू. दोन्ही चालतात, एकाच लेखात सरमिसळ नको. आमच्या कोकणातल्या ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवार त्यांचा धर्माने विश्रांतीचा दिवस, तेलाचा घाणा बंद! त्याच बेने इस्राएल समाजातले मुंबईचे कवी निस्सीम एझिकेल. त्यांना 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ‘लॅटर-डे साम्स’साठी. नावातच बायबलातली स्तोत्रं आहेत, पण अकादमीच्या यादीत पुस्तक इंग्रजीखाली. आता हा सन्मान कुठल्या साहित्याचा म्हणाल?

प्रश्नकर्ता: ‘ज्यू’ ठेवतो. पण पुरस्कार की पारितोषिक?

प्रतिसाद ३: पारितोषिकात परितोष, म्हणजे देणाऱ्याचं समाधान. पुरस्कारात ‘पुढे करणं’. म्हणून तर ‘विधवाविवाहाचा पुरस्कार केला’ असं म्हणतो. पुस्तक वाचकांपुढे आणायचं तर पुरस्कारच बरा. बक्षीस शाळेच्या गॅदरिंगला राहू द्या. हिब्रूतला शब्द याहून मजेदार आहे: ‘प्रस’. इस्रायलचा मोठा राष्ट्रीय सन्मान तो ‘प्रस यिस्राएल’. आणि ‘पिर्के आवोत’ या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात सांगितलंय, की ‘प्रस’ मिळावा म्हणून धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका!

प्रश्नकर्ता: हे विजेत्यांना कळवू नका. ‘राष्ट्रीय ज्यू ग्रंथ पुरस्कार’ पक्कं. आता ‘ग्रंथ’वर रेघ आली नाही म्हणजे मिळवली.