शब्दचर्चा: ‘ब्लॅक आइस’ला ‘काळा बर्फ’ म्हणावं का?

प्रश्न: हिवाळ्यात मनाली-अटल बोगद्याकडे गाडी नेणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहितो आहे. ‘ब्लॅक आइस’ला ‘काळा बर्फ’ चालेल का? आणि ‘स्किड’ला नुसतं ‘घसरणे’ पुरेल?

उत्तर: ‘काळा बर्फ’ नको. वाचणारा काळं काहीतरी शोधत बसेल. रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा हा थर पातळ आणि पारदर्शक असतो, काळं दिसतं ते खालचं डांबर. त्यामुळे रस्ता फक्त ओला वाटतो. पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नसतील, तर तो ओलावा बर्फाचा समजावा. मी ‘काचबर्फ’ सुचवेन.

सूचनेत एवढं जरूर घाला: डॅशबोर्डवर २-३ अंश दिसले तरी रस्ता गोठलेला असू शकतो. निरभ्र रात्री जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठतं, ते याचमुळे. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. मग सावलीतली वळणं.

दुसरं मत: हिंदीत ‘पाला’ म्हणतात, तोच घेतला तर?

उत्तर: मराठीत रस्त्यावर पाला पडला म्हटलं की लोक झाडू आणतील! ‘दहिवर’ही नको. बरेच जण त्याचा अर्थ दव असाच घेतात, आणि गोठलेलं दव पांढुरकं, दिसणारं असतं. इथे धोका न दिसण्याचाच आहे.

‘घसरणे’बद्दल: एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

चाक जागेवर फिरतंय: ॲक्सिलरेटर सोडा, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच निघा.

स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच चालली: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड आली की पुन्हा वळवा. इथे आणखी वळवणं ही नेहमीची चूक.

मागचं फेकलं (ट्रकवाल्यांचा हा शब्द झकास आहे): शेपूट डावीकडे गेली तर स्टिअरिंगही डावीकडे, आणि गाडी सरळ होऊ लागताच लगेच परत.

आणखी एक: ‘ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ हे आपलं जुनं सूत्र तिथेही लागू आहे, पण गिअर उताराच्या आधी टाका. काचबर्फावर अचानक खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाशी जोडलेली चाकंच अडतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मग मागून फेकते.

प्रश्नकर्ता: मसुदा असा केला: ‘काचबर्फावर थांबायला नेहमीच्या दहापट अंतर लागू शकतं. ब्रेक हळूहळू, सोडत-सोडत दाबा.’

उत्तर: दुसरं वाक्य जुन्या गाड्यांचं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडू न देणारी यंत्रणा) असेल तर तातडीच्या वेळी ब्रेक घट्ट दाबून धरायचा. पेडल थरथरलं म्हणून पाय उचलायचा नाही. ‘सोडत-सोडत’ फक्त एबीएस नसलेल्या गाडीसाठी, तसं स्पष्ट लिहा. आणि टायरवर चढवायच्या साखळ्यांबद्दल लिहिताना ‘चेन बांधा’ऐवजी ‘इंजिनाशी जोडलेल्या चाकांना चेन चढवा’ लिहा, नाहीतर कोणी पुढची चाकं फिरणाऱ्या गाडीत मागे चढवेल.

प्रश्नकर्ता: बर्फ पडला की पडलं?

उत्तर: दोन्ही ऐकू येतं. एकच धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.